माईंची गोळी, अण्णांची छाती

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका, या तगरीच्या बाजूला. तिथं उभं राहून बोललं की आवाज सरळ अण्णांच्या गॅलरीत जातो, आणि अण्णांची छाती कितीही बिघडू दे, कान अजून शाबूत आहेत बरं त्यांचे.

तर माईंची ब्लडप्रेशरची गोळी अण्णांनी घेतली! घेतली म्हणजे... मागितली. पण माई नको म्हणाल्या नसत्या तर घेतलीच असती ना? मग झालं तर.

अण्णांचं तुम्हाला मी काय नवीन सांगणार. तो धापेचा आजार, सीओपीडी, त्यांचा जुनाच. उभा जन्म आप्पा बळवंत चौकाजवळच्या प्रेसमध्ये गेला, एका हातात प्रुफं आणि दुसऱ्या हातात सिगरेट. आता सोडली म्हणतात. त्यांच्या घरच्या काकूही म्हणतात सोडली. वॉचमन काही वेगळंच म्हणतो... जाऊ दे, आपल्याला काय करायचंय! पण लिफ्ट बंद पडली की बघा तुम्ही. पहिल्या मजल्यावर थांबतात आणि सोसायटीची नोटीस वाचायला लागतात. अहो, ती नोटीस मागच्या गणपतीपासून तीच आहे! दम खातात बिचारे, आणि कोणाला कळू नये म्हणून वाचल्याचं सोंग.

तर काय सांगत होते... हां, गोळी. त्यांचे ते न्यू जर्सीचे जावई नाहीत का, इथं आले की नळाच्या पाण्याकडे बघून तोंड करणारे, त्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं की लोसार्टन नावाची बीपीची साधी गोळी म्हणे फुफ्फुसं वाचवते. जॉन्स हॉपकिन्समध्ये सिद्ध झालंय. आता जॉन्स हॉपकिन्स म्हटल्यावर अण्णा कसले थांबतायत! आणि आपल्या बिल्डिंगमध्ये लोसार्टन घेतं कोण? माई!

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा वाटी घेऊन माईंच्या दारात. विरजण मागायला. अण्णा आणि विरजण! या माणसानं उभ्या आयुष्यात दुधाची पिशवी कापली नसेल. माईंना काय ते ओळखू येत नाही? म्हणाल्या, "विरजण देते, पण तुमची नजर माझ्या औषधांच्या डब्यावर कशाला?" मग निघालं सगळं बाहेर. अण्णा म्हणे, "एक स्ट्रिप द्या फक्त. उसनी." माई म्हणाल्या, "अहो, गोळी आहे ती. सिलिंडर नव्हे उसना द्यायला!" हे मला दूधवाल्यानं सांगितलं. तो तिथंच उभा होता, मुद्दाम सुट्टे पैसे मोजत.

आणि माईंना त्या गोळीची एवढी माया का, ते ठाऊक आहे ना? आधी त्यांना दुसरी होती, त्या 'प्रिल'वाल्या गोळ्या असतात ना, रामिप्रिल, एनालाप्रिल, त्यातली. बीपी आलं ताळ्यावर, पण खोकला! कोरडा, ठसक्याचा. अमृतेश्वराच्या देवळात कीर्तन चालू आणि माईंची खाकरखोकर चालू. बुवा दोनदा थांबले. सगळ्यांना वाटलं छातीचं काही असेल. एक्स-रे काढला, काढे झाले, हळद-दूध झालं. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, गोळी कुठली चालू आहे? दहांतल्या एखाद्याला होतोच म्हणे असा खोकला त्या गोळ्यांनी. मग ती बंद करून ही 'सार्टन'वाली दिली आणि खोकला हळूहळू गायब. म्हणजे बघा, बीपीच्या गोळीचं आणि छातीचं काही ना काही नातं असतंच. अण्णांनी तोच धागा पकडला. म्हणाले, "माई, एका गोळीनं तुमचा खोकला आणला, दुसरीनं घालवला. मग माझा का नाही घालवणार?"

वकिलीच करायला हवी होती यांनी.

तर पुढचं ऐका. शनिवारी माईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. तुम्ही नव्हतात, नणंदेकडे गेला होतात ना? फार मिस केलंत. पुरुषमाणसांना खरं म्हणजे बोलावणं नव्हतं, पण आंब्याची डाळ म्हटल्यावर अण्णा आपले कोपऱ्यात खुर्ची टाकून हजर. आणि माईंची भाची आलेली. ती हो, चष्मेवाली, एका हॉस्पिटलात औषधांच्या ट्रायल बघते ती. कोऑर्डिनेटर. माईंनी मुद्दामच बोलावलं असणार, मला तर खात्रीच आहे. कारण कुंकू लावून होतंय न होतंय तोच माई म्हणाल्या, "अगं, या अण्णांना जरा सांग बाई, लोसार्टनचं काय ते."

भाची शांत. पन्ह्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "अण्णा, बातमी खोटी नाही. पण ती उंदरांची आहे."

अण्णांचा चमचा तोंडापाशी तसाच!

2012 सालची गोष्ट म्हणे. हॉपकिन्सच्या लोकांनी उंदरांना सिगरेटचा धूर दिला. यावर जोशीबुवांच्या खालच्या त्या मामी काय म्हणाल्या असतील? "अगंबाई, उंदरांना सिगरेट! आमच्याकडे पिंजरासुद्धा परवडत नाही त्यांच्यापायी." सगळ्या हसल्या. भाची नाही हसली. म्हणाली, धुरानं फुफ्फुसात टीजीएफ-बीटा नावाचं एक प्रथिन वाढतं, ते दुरुस्ती करता करता नासधूसच जास्त करतं. मग त्या हवेच्या बारीक पिशव्या जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारख्या सैल पडतात, हवा आत जाते ती धड बाहेरच येत नाही. लोसार्टननं ते प्रथिन आवरतं. ज्या उंदरांना गोळी दिली त्यांची फुफ्फुसं पुष्कळ बरी राहिली.

"म्हणजे सिद्धच झालं की!" अण्णा.

"उंदरांवर," भाची. "मग माणसांवर करून बघितलं."

आणि करणारे कोण, तर त्याच हॉपकिन्सचे डॉक्टर वाइज! घरचेच की. 220 माणसं घेतली, सगळ्यांना ती पिशव्या सैल पडण्याची तक्रार. निम्म्यांना रोज 100 मिलिग्रॅमपर्यंत लोसार्टन, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. 48 आठवडे. आधी सीटी स्कॅन, नंतर सीटी स्कॅन. 2022 मध्ये निकाल आला.

इथं भाची थांबली. खोली अशी चिडीचूप... बाहेर नदीपात्रातल्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू यायला लागले.

"काही फरक नाही. ज्यांनी गोळी घेतली त्यांची फुफ्फुसंही तशीच बिघडत गेली."

अहो, अण्णांचा चेहरा! डाळीची वाटी खाली ठेवली. अण्णांनी. आंब्याची डाळ.

पण जावई हरतात होय? व्हिडिओ कॉलवर होतेच, मुलीनं गौर दाखवायला फोन लावला होता. तिकडे सकाळ, हातात भला मोठा मग. म्हणाले, "ओके, लोसार्टन नाही तर नाही. पण बीटा ब्लॉकर्सचा डेटा स्ट्राँग आहे." असं म्हणून अशी काही मान हलवली, जसं यांनीच गोळा केलाय डेटा.

आता बीटा ब्लॉकर म्हणजे आपल्या ह्यांना अँजिओप्लास्टीनंतर दिली ती, मेटोप्रोलॉल. बीपीलाही देतात, हृदयालाही देतात. पूर्वी म्हणे दम्याच्या माणसाला या जातीची गोळी द्यायला डॉक्टर घाबरायचे, कारण श्वासाच्या नळ्या आवळतात. मग मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल अशा आल्या, त्या मुख्यतः हृदयावर काम करतात, छातीला कमी छळतात. आणि मग जुनी रेकॉर्डं चाळताना गंमत दिसली. 2008 मध्ये अमेरिकेत अलाबामाचे डॉक्टर ड्रान्सफील्ड, त्यांनी बघितलं की सीओपीडी वाढून ॲडमिट झालेल्यांमध्ये ज्यांना ही गोळी चालू होती, ते कमी दगावले. 2011 मध्ये स्कॉटलंडमधून तेच. 5977 पेशंटांची नोंद, गोळीवाल्यांमध्ये मृत्यू 22 टक्क्यांनी कमी.

हे भाचीनंच सांगितलं बरं का, न विचारता. जावयांचा चेहरा असा खुलला! अण्णांनी वाटी पुन्हा उचलली.

"पण," ती म्हणाली. तिचा तो 'पण' ऐकला की मला तर आता धडकीच भरते. "त्याच ड्रान्सफील्डनी मग खरीखुरी ट्रायल लावली." स्वतःचाच तर्क, स्वतःच तपासायला घेतला. असं आपल्याकडे कोणी करतं का? आपल्या सेक्रेटरींना टाकीचा हिशोब तपासू या म्हटलं तर आठवडाभर बोलत नाहीत... जाऊ दे. तर काय सांगत होते, 532 माणसं. ज्यांना हृदयासाठी ही गोळी आधीच लागते त्यांना यात घेतलंच नाही, फक्त छातीवाले. निम्म्यांना मेटोप्रोलॉल, निम्म्यांना नुसती. बघायचं काय, तर पुढचा धापेचा ॲटॅक किती दिवसांनी येतो. नुसत्या गोळीवाल्यांना 222 दिवसांनी, औषधवाल्यांना 202. म्हणजे फायदा सोडाच! आणि हॉस्पिटलात न्यावं लागण्याइतका मोठा ॲटॅक औषधवाल्यांनाच जास्त. ट्रायल मध्येच थांबवली. 2019 मध्ये छापून आलं.

जावयांनी मगमध्ये तोंड घातलं ते बाहेर काढायला तयार नाहीत.

"आणि बिसोप्रोलॉल?" अगदी बारीक आवाजात विचारलं त्यांनी. तेही झालंय हो! ब्रिटनमध्ये, 515 माणसं, 2024 मध्ये निकाल. वर्षाकाठी ॲटॅक सरासरी 2.03 गोळीवाल्यांना आणि 2.01 नुसत्यांना. घ्या! एवढा खटाटोप करून दोन्हीकडे दोन. तिथं निदान अपाय जास्त दिसला नाही, एवढंच.

मग मीच विचारलं, गप्प राहवेना. म्हटलं, अगं मग आधीच्या त्या हजारोंच्या नोंदी काय खोट्या? म्हणाली, "नाही मावशी, नोंदी खऱ्या. पण डॉक्टर ही गोळी कोणाला देतात? ज्याला झेपेल त्याला. ज्याची छाती फारच गेलीय त्याला देतच नाहीत. मग गोळीवाले जास्त जगले, यात गोळीचं श्रेय किती आणि मुळातल्या तब्येतीचं किती, हे नोंदीवरून कसं कळणार? चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना दिली, निम्म्यांना नाही, तेव्हाच कळतं." मला पटलं बाई.

अण्णांना कुठलं पटायला! "म्हणजे निम्म्या लोकांना फसवून खडू खायला घालायचा?" अशा तिरमिरीत विचारलं की खोकलाच आला. भाची म्हणाली, फसवून नाही, आधी सांगून. सही घेतात, की तुम्हाला कुठली मिळेल हे तुम्हालाही कळणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही नाही, यादी तिसऱ्याकडे बंद. यावर मामी म्हणाल्या, "आपल्या बिल्डिंगमध्ये असली ट्रायल व्हायची नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना सगळं कळेल." माझ्याकडे बघून म्हणाल्या! माझ्याकडे! मी आपलं लक्ष नाही असं दाखवलं.

मग गिनिपिगचं निघालंच. निघणारच होतं. तर भाचीनं ठणकावून सांगितलं, 2009 पासून आपल्याकडे प्रत्येक ट्रायलची सरकारी रजिस्ट्रीत नोंद करावीच लागते, कोणीही उघडून बघावी. 2019 चे नियम आहेत, ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, आणि नको वाटलं तर मधूनच उठून येता येतं, कारणसुद्धा सांगावं लागत नाही. "गिनिपिगला विचारत नाहीत, अण्णा. तुम्हाला विचारतात."

अण्णांनी शेवटचा बाण काढला. "आमच्या सर्पगंधेला कुणी केली होती ट्रायल? हजारो वर्षं वापरतोय आपण!" अहाहा, सगळ्यांनी माना डोलावल्या, माईंनीसुद्धा. आणि भाची म्हणते, "केली होती की. मुंबईच्याच डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी. केईएम हॉस्पिटलातले. बीपीच्या पेशंटांना सर्पगंधा देऊन नोंदी ठेवल्या, 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या, तेव्हा जगानं ऐकलं. 1957 मध्ये अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं त्यांना." हजारो वर्षं आपण सांगत होतो ते कोणी ऐकलं नाही, आणि एका माणसानं मोजून दाखवलं तेव्हा ऐकलं. अण्णा गप्प. माई हळूच म्हणाल्या, "डाळ घ्या अजून." बरं वाटलं त्यांना, दुसरं काय.

पण खरी बातमी तर पुढेच आहे. जवळ या.

हे सगळं चालू असताना काकू कुठं होत्या? अण्णांच्या काकू हो. दाराशी. हरभऱ्याची ओटी भरत होत्या आणि दर दोन ओट्यांनंतर कंबरेवर हात ठेवून थांबत होत्या. भाचीनं ते बघितलं. म्हणाली, "काकू, तुम्हाला किती दिवसांपासून लागतो दम?" काकू म्हणाल्या, "मला? छे गं. वय झालं आता." भाची म्हणाली, "चूल होती?" अहो, चूल म्हणजे! माहेर मुळशीकडचं, सातव्या वर्षापासून फुंकणी हातात. लग्न होऊन मेहुणपुऱ्यात वाड्यात आल्या तर अंधारी खोली, रॉकेलचा स्टो, वर अण्णांच्या सिगरेटी. आयुष्यात एक झुरका मारला नाही त्या बाईनं, पण धूर मात्र सगळ्यांच्या वाटचा गिळला.

आणि हे आपल्या पुण्यातूनच जगाला कळलंय बरं का. आपले डॉक्टर संदीप साळवी, चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये होते तेव्हाची गोष्ट. त्यांनी आणि लंडनच्या डॉक्टर बार्न्सनी 2009 मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं की सीओपीडीच्या पेशंटांपैकी 25 ते 45 टक्क्यांनी कधी सिगरेट ओढलेलीच नसते. चूल, शेणी, लाकूडफाटा, धूळ. म्हणजे बायका! पण बाईला धाप लागली की घरचे काय म्हणतात? वय झालं. वजन वाढलं. जरा चालत जा.

तर सोमवारी भाची दोघांनाही घेऊन गेली फुंकायला. स्पायरोमेट्री हो, नळीत जोरात फुंकायचं, पंधरा-वीस मिनिटांचं काम. अण्णांचा आकडा ठाऊकच होता. आणि काकूंचा... अण्णांच्या जवळपास! डॉक्टरांनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवले. अण्णा बघतच राहिले म्हणे. माईंची भाची सांगत होती, त्या लोसार्टनच्या वेळी पडला होता ना, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त चेहरा पडला. परतताना रिक्षात एक शब्द नाही. आणि काल संध्याकाळी मी स्वतः बघितलं, काकूंच्या हातातली भाजीची पिशवी अण्णांनी घेतली. वर्तक बागेपासून घरापर्यंत. दोघंही थांबत थांबत.

आता काकूंना इनहेलर लागलाय. नातवाच्या खोलीतली डासांची कॉइलही फेकली. बंद खोलीत एक कॉइल म्हणजे शंभरेक सिगरेटींइतके बारीक कण, हेही साळवींनीच सांगितलंय. आणि दिवाळीत ती नागगोळी लावायला पोरं आपल्या जिन्यात बसतात ना? बंद करा म्हणावं. आवाज नाही म्हणून आपण बिनधास्त! 2016 मध्ये फाउंडेशननं आणि विद्यापीठाच्या पोरांनी सहा तऱ्हेचे फटाके जाळून मोजलं, तर सगळ्यांत जास्त बारीक धूर त्या मुक्या नागगोळीचा. घनमीटरला 64,500 मायक्रोग्रॅम. हजाराची माळसुद्धा मागे पडली हो तिच्या!

हे एवढं सगळं मी तुम्हाला सांगितलं, ते काही चहाड्या म्हणून नाही. तुम्हीही त्या दिवशी ह्यांच्या मेटोप्रोलॉलचं नाव लिहून घेतलंत ना, भावजींच्या खोकल्यासाठी? मी बघितलं. फाडून टाका तो कागद. आणि उलटंही करू नका बरं, भावजींना हृदयासाठी काही चालू असेल तर हे ऐकून बंद करायचं नाही. ज्याला हृदयासाठी लिहून दिली त्याच्याकरता ती बरोबरच आहे, त्या ट्रायली त्याच्यासाठी नव्हत्याच. सीओपीडीला आज उपयोगी काय, तर सिगरेट सोडणं, धूर टाळणं, इनहेलर नीट ओढायला शिकणं, फ्लूची लस, आणि लागेल तसं डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम. उद्या एखादी बीपीची गोळी ट्रायलमधून खरोखर पास झालीच, तर माईंच्या डब्यातून नव्हे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर येईल.

आणि तुमच्या सासूबाई. त्यांनी कोकणात पन्नास वर्षं चूल सांभाळली आणि आता बोलताना वाक्य मध्येच तोडतात, ते वयानं नाही हो. या आठवड्यात घेऊन जा त्यांना फुंकायला.